त्या काळची पद्धत

२००५ सालचा जून महिना होता. पहिला पाऊस नुकताच लागला होता. आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळींसाठी रविवारच्या मिस्सानंतर एक व्याख्यानमाला चालू होती आणि तिच्यातील एक व्याख्यान माझ्या वाट्याला आले होते. मी पेशाने शिक्षक, विषय मराठी. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध वाचनापुरता. पण फादरांनी विषय सुचवला तेव्हा मला नाही म्हणवेना. दोनच महिन्यांपूर्वी, १८ एप्रिल रोजी, नव्या पोपमहोदयांच्या निवडीसाठी कार्डिनल मंडळी एकत्र बसण्यापूर्वी जी मिस्सा झाली, तिच्यातील कार्डिनल जोसेफ रॅटझिंगर यांचे प्रवचन जगभर गाजले होते. कोणतीच गोष्ट निश्चित न मानणारी, माणसाचा अहंकार आणि त्याच्या इच्छा हेच अखेरचे माप समजणारी एक हुकूमशाही उभी राहत आहे, असा इशारा त्यांनी त्या प्रवचनात दिला होता. त्या विचारसरणीला त्यांनी सापेक्षतावाद म्हटले होते. दुसऱ्याच दिवशी ते सोळावे बेनेडिक्ट या नावाने पोपपदी निवडले गेले.

मी तयारी चांगली केली होती. पोप दुसरे जॉन पॉल यांचे १९९३ सालचे ‘व्हेरितातिस स्प्लेंदोर’, म्हणजे ‘सत्याचे तेज’, हे विश्वपत्र पुन्हा वाचून काढले होते. हेतू कितीही चांगला असो, परिस्थिती कोणतीही असो, काही कृत्ये मुळातच वाईट असतात, ही त्यातील शिकवण मी उदाहरणे देऊन समजावून सांगितली. पिलाताची गोष्ट सांगितली. सत्य म्हणजे काय, असे त्याने प्रभू येशूला विचारले आणि उत्तरासाठी न थांबता तो बाहेर निघून गेला. ज्याला उत्तर नको असते तोच हा प्रश्न असा विचारतो, असे मी म्हणालो. पाश्चात्त्य देशांतील ओस पडलेली चर्चेस, मोडणारे संसार, दूरचित्रवाणीवरील मालिका या सर्वांवर मी कडक ताशेरे ओढले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फादरांनी आभार मानताना माझी फार स्तुती केली आणि मला ती आवडली.

पाऊस थांबण्याची वाट पाहत मी सभागृहाच्या पडवीत उभा होतो. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. ती त्या वेळी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. लहानपणापासून अबोल. हातातली छत्री उघडता उघडता ती म्हणाली, “मामा, तुम्ही आज म्हणालात की जे खरे ते सगळ्यांसाठी खरे असते. मग एक विचारू? आजोबांच्या वाडीतला आईचा वाटा गेला, ते कोणाच्या दृष्टीने बरोबर होते?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. मी क्षणभर गप्प राहिलो आणि मग माझ्या तोंडून शब्द निघून गेले, “बाळा, त्या काळची पद्धतच तशी होती.”

ती फक्त “बरं” म्हणाली आणि पावसात चालू लागली.

मी जागच्या जागी उभा राहिलो. काळ बदलतो तसे बरोबर आणि चूकही बदलते. समाजात जे चालते तीच नीती. ज्याची त्याची दृष्टी वेगळी. पंधरा मिनिटांपूर्वी मी ज्या ज्या गोष्टींचा धिक्कार केला होता, त्या साऱ्या माझ्या या एका वाक्यात होत्या. सापेक्षतावादाला शोधत मी युरोपपर्यंत गेलो होतो आणि तो माझ्याच घरात, कपाटातल्या एका जुन्या कागदात बसून होता.

त्या कागदाची हकीकत सांगायला हवी. वसईकडची जुनी रीत वाचकांना ठाऊक आहे. बापाच्या पश्चात जमीन भावांची. बहिणींना लग्नात दिलेले असते. पुढे सणासुदीला, बाळंतपणाला, दुखण्याखुपण्याला माहेर असते. आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ सालच्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेद मुळीच नाही; दोघांचा वाटा सारखा. म्हणून सात-बाराच्या उताऱ्यावर वारस म्हणून बहिणींची नावे लागतात. मग एके दिवशी बहिणींना निबंधकाच्या कचेरीत नेले जाते, हक्कसोड पत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या जातात, परतताना हॉटेलात चहा होतो आणि नावे कमी होतात. यात कोणाला पाप दिसत नाही. एखादी बहीण सही करायला का-कू करू लागली, तर मात्र ती लोभी ठरते आणि तिचे माहेर तुटते.

माझे वडील १९८४ साली वारले. आई आधीच गेली होती. आम्ही तीन भावंडे : थोरली ताई, मी आणि मुंबईत दिलेली धाकटी. वाडी मोठी नव्हती. पण विहिरीला बारमाही पाणी होते, केळी होती, पानवेली होत्या. शेवटच्या आजारात एका रात्री मी एकटाच वडिलांजवळ होतो. ते म्हणाले, “विहिरीकडची पट्टी थोरलीला दे. तिचा संसार कष्टाचा आहे.” मी “हो” म्हणालो. ते ऐकायला आम्हा दोघांखेरीज तिसरे कोणी नव्हते.

१९८५ साली कागद झाला. कचेरीच्या बाकावर ताई बसली होती. काही महिन्यांची मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. वीस वर्षांनंतर सभागृहाच्या पडवीत मला प्रश्न विचारणारी ती हीच मुलगी. ताईच्या यजमानांची प्रकृती तेव्हाच ढासळू लागली होती. सही करण्यापूर्वी ताईने मला एवढेच विचारले, “बाबा काही बोलले होते का रे?”

मी म्हणालो, “नाही.”

तिने सही केली. पुढे दोन वर्षांत ती विधवा झाली आणि पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन मुंबईला जाऊ लागली. मी दर नाताळाला तिच्या घरी कपडे आणि फराळ पाठवीत असे. मुलीच्या शाळेची फी एकदोनदा भरली. माझ्या उदारपणाचे मला समाधान वाटे.

माणूस स्वतःला किती सहज फसवू शकतो, हे सांगण्यासाठी आणखी दोन गोष्टी नमूद करतो. आमच्या कागदानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १९८६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मेरी रॉय यांच्या खटल्याचा निकाल दिला. त्रावणकोरच्या ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळत असे. तो कायदा आता लागू नाही, तेथील ख्रिस्ती मुलींनाही १९२५ च्या कायद्याप्रमाणे समान वाटा आहे, असे न्यायालयाने ठरवले. केरळातील काही ख्रिस्ती मंडळींनीच त्या निकालाला विरोध केला. ती बातमी वाचून मी शिक्षकांच्या खोलीत तावातावाने बोललो होतो. ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांनी आपल्याच मुलींना नाडावे, याची मला लाज वाटली होती. केरळातील लोकांची.

दुसरी गोष्ट हरित वसईच्या चळवळीची. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेला ओ देऊन हजारो लोक रस्त्यावर उतरले, त्यांत मीही होतो. वसईची जमीन, विहिरी, बावखले वाचली पाहिजेत म्हणून मी घसा फोडून घोषणा दिल्या. चळवळ न्यायाची होती आणि तिच्यात सामील झाल्याचा मला आजही अभिमान आहे. पण ज्या जमिनीसाठी मी ओरडत होतो, तिच्यातला बहिणीचा वाटा माझ्या खिशात होता. पुढे १९९६ साली वाडीचा एक तुकडा मी विकलाही.

वीस वर्षांत या प्रकरणाने माझी झोप कधी उडवली नाही. ‘माझे मन मला खात नाही’ असे आपण म्हणतो आणि त्यालाच सद्सद्विवेकबुद्धीचा कौल समजतो. त्या पावसाळ्यात मी या शब्दाचा अर्थ नव्याने शोधू लागलो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात सद्सद्विवेकबुद्धीला माणसाच्या अंतरंगातील गाभारा मानले आहे. तेथे माणूस एकटा देवासमोर असतो. आपणच न घातलेला, पण पाळावाच लागणारा नियम त्याला तेथे सापडतो. मात्र सत्याची पर्वा न करणाऱ्याची ही दृष्टी पापाच्या सवयीने हळूहळू जवळजवळ आंधळी होते, अशी सावधगिरीची सूचनाही त्याच परिच्छेदात आहे. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७५ साली ड्यूक ऑफ नॉरफोक यांना उद्देशून जे जाहीर पत्र लिहिले, त्यातही हाच धागा आहे. लोक सद्सद्विवेकबुद्धीचे नाव घेतात, पण त्यांना हवा असतो तो आपल्या मनाप्रमाणे वागण्याचा परवाना, अशी त्यांची तक्रार होती. माझ्याही गाभाऱ्यातला आवाज बंद पडला नव्हता. १९८५ साली कचेरीच्या बाकावर मी त्याला गप्प बसवले होते आणि नंतरच्या शांततेला निर्दोषपणा समजलो होतो.

‘त्या काळची पद्धत’ हे उत्तर खोटे का आहे, याचाही मी विचार करू लागलो. बरोबर काय आणि चूक काय, हे जर त्या त्या काळाने ठरवायचे, तर महात्मा जोतीराव फुले त्यांच्या काळी चूक ठरतात आणि त्यांना नाडणारे बरोबर. बहुमत आणि पद्धत तर विरोधकांच्या बाजूला होती. जोतीरावांनी १८७३ साली स्थापन केलेल्या समाजाच्या नावातच सत्यशोधन आहे. ज्याचे त्याचे सत्य वेगळे असते असे मानणारा मनुष्य सत्य शोधायला कशाला निघेल? आणि ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याने दाद कोणाकडे मागायची? ‘तुझ्या दृष्टीने तो अन्याय, माझ्या दृष्टीने ती रीत’ असे म्हटले की वाद संपतो. पण जमीन ज्याच्या ताब्यात असते त्याच्याच ताब्यात राहते. सत्य सर्वांचे नसते तेव्हा ते बळकटाचे होते. सापेक्षतावादाला आपण सहसा उदार समजतो, सर्वांना सामावून घेणारा समजतो. ताईच्या बाजूने पाहिले तेव्हा तो मला तसा दिसला नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपण अनेक धर्मांच्या शेजारात राहतो. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे, आपल्यालाच सारे सत्य संपूर्ण कळले असा ताठा न धरणे, हा सापेक्षतावाद नव्हे. आपली समज अपुरी आहे असे म्हणणारा नम्र असतो, कारण समजून घेण्याजोगे काही आहे हे त्याला मान्य असते. समजण्याजोगे काही नाहीच, असे म्हणणाऱ्याला नम्र होण्याचे कारण उरत नाही.

बायबलच्या गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट आहे. त्यांचा बाप रानात वारला, त्याला मुलगा नव्हता. त्या मोशेसमोर, याजकासमोर, सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि बापाच्या नावाने आम्हालाही वतन द्या, असे त्यांनी मागितले. त्याही काळची एक पद्धत होतीच. मोशेने ती त्यांना ऐकवली नाही. त्याने त्यांचे गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेले आणि त्या मुलींचे म्हणणे योग्य आहे, असे उत्तर त्याला मिळाले. हा अध्याय मी पूर्वी कितीदा तरी वाचला असेल. त्या पावसाळ्यात वाचताना मला माझी भाची पडवीत उभी दिसली. मोशेचा अधिकार कुठून आला, हेही तेव्हाच उमगले. आपल्या वरच्या कोणाला तरी विचारण्याची त्याची तयारी होती. मी मात्र माझा निकाल तिथल्या तिथे देऊन टाकला होता.

घरात हा विषय काढला तेव्हा पत्नी प्रथम गप्प राहिली, मग म्हणाली, “अहो, आपल्याही मुलांचा विचार करा. सगळ्यांनी हेच केले आहे. तुम्हीच एकटे कशाला?” तिचे चुकले असे मी म्हणू शकत नाही, वीस वर्षे मीच तिला हे शिकवले होते. आमच्या घरात जवळजवळ वर्षभर हा विषय धुमसत राहिला. मीही मागेपुढे करीत होतो. ताईला एकरकमी पैसे द्यावेत, खोटे बोललो ते सांगू नये, असा मधला मार्ग मला सुचला होता. तेवढ्यावर मिटवून टाकण्याची माझी तयारी होती.

१००६ नव्हे, पण तितक्या लांब वाटलेल्या २००६ च्या उपवासकाळात मी पापनिवेदनाला गेलो. फादर वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे होते. मी बरेच काही सांगत राहिलो : रीत, परिस्थिती, माझ्या मुलांची शिक्षणे. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “ती जमीन अजून आहे का?” मी “आहे, काही विकली” म्हणालो. “आणि बहीण?” “आहे.” मग ते म्हणाले की, क्षमा देव देतो, पण सातव्या आज्ञेखाली घेतलेले परत करण्याचे कर्तव्य क्षमेने संपत नाही, आणि आठव्या आज्ञेचे, खोट्याचे, ऋण पैशाने फिटत नाही. जक्कयाची आठवण त्यांनी दिली. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा त्याने नुसता पश्चात्ताप व्यक्त केला नाही. ज्याला फसवले त्याला चौपट देईन, असा आकडा सांगितला. व्याख्यान देताना मी नैतिक अधिकाराविषयी पुष्कळ बोललो होतो. तो अधिकार मला त्या लाकडी जाळीआडून भेटला. आवाज हळू होता आणि पळवाट एकही नव्हती.

पुढच्या रविवारी कपाटातला कागद घेऊन मी ताईकडे गेलो. भाचीही घरी होती. मी सर्व सांगितले. बाबांचे शेवटचे शब्द आणि माझे ‘नाही’. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग ती म्हणाली, “तो कागद वाच. त्या दिवशी मला कोणी वाचून दाखवला नव्हता.”

मी वाचू लागलो. सरकारी मराठीतली ती लांबलचक वाक्ये. ‘स्वखुशीने’, ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’, ‘वाचून व समजून’ या शब्दांशी माझा आवाज अडखळला. आयुष्यभर मी वर्गात वाचन केले. इतके कठीण वाचन कधी केले नव्हते. वाचून झाल्यावर ताई उठली, चहा ठेवायला आत गेली. जाता जाता म्हणाली, “बाबा मला विसरले असतील, असंच मला इतकी वर्षं वाटत होतं.”

जमीन गेल्याचे दुःख तिने कधी बोलून दाखवले नव्हते आणि त्या दिवशीही दाखवले नाही. मी तिच्याकडून वडिलांचे अखेरचे बोलणे हिरावून घेतले होते, हे मात्र मला त्या क्षणापर्यंत कळले नव्हते.

पुढची व्यवहाराची हकीकत थोडक्यात सांगतो. उरलेल्या वाडीतून विहिरीच्या पट्टीसह ताईचा पूर्ण वाटा रीतसर नोंदणी करून तिच्या नावे झाला. धाकटीने जमीन नको म्हटले. तिच्या वाट्याची रक्कम मी निवृत्तीनंतर हप्त्याहप्त्याने दिली. पत्नीचा राग हळूहळू निवळला. नातेवाइकांपैकी काहींनी माझ्याशी बोलणे टाकले, कारण त्यांच्याही बहिणी आता प्रश्न विचारू लागल्या होत्या. ताईने मला क्षमा केली का, हे मी तिला कधी विचारले नाही. पुढच्या वर्षी पानवेलीची पहिली पाने तिने आमच्याकडे पाठवली. २०१७ साली ती देवाघरी गेली. वाडी आता भाची पाहते.

ख्रिस्तसभेचा शब्द आज पूर्वीसारखा मानला जात नाही, तरुण मुले ऐकत नाहीत, अशी आपली नेहमीची तक्रार असते. तक्रार खोटी नाही. पण त्याचा सगळा दोष काळावर टाकता येत नाही. ख्रिस्तसभेतील काहींनी बालकांवर केलेले अत्याचार आणि ते झाकण्यासाठी झालेले प्रयत्न जगासमोर आले, तेव्हा तिच्या शब्दाचे वजन जे घटले, ते बाहेरच्या शत्रूंनी घटवले नव्हते. याउलट १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्यांपैकी किती तरी गोष्टींविषयी ‘त्या काळची पद्धतच तशी होती’ असे म्हणता आले असते. वाकलेल्या त्या वृद्ध पोपमहोदयांनी ते म्हटले नाही. सत्य आपल्याही डोक्यावर आहे, हे मान्य करणाऱ्यालाच ते दुसऱ्यांना सांगण्याचा अधिकार उरतो.

काही वर्षांनी फादरांनी मला पुन्हा त्याच विषयावर बोलायला बोलावले. मी गेलो. या वेळी युरोपविषयी काही बोललो नाही. हीच हकीकत, नावे वगळून नव्हे तर ताईच्या परवानगीने, जशी घडली तशी सांगितली. टाळ्या वाजल्या नाहीत. भाची शेवटच्या रांगेत बसली होती. तिचा तो प्रश्न, कोणाच्या दृष्टीने, मी सर्वांसमोर पुन्हा उच्चारला आणि जे उत्तर मला पडवीत द्यायला हवे होते ते उशिरा दिले : ज्याच्या दृष्टीसमोर तुझी आई आणि मी सारखेच उभे आहोत, त्याच्या दृष्टीने ते चूक होते, तेव्हाही आणि आजही.